रस्त्याची मिनिटंही लिहा: रेल्वे चालवणाऱ्यांना आणि तिचे नियम करणाऱ्यांना खुले पत्र

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कार्यालयाला नाही. गाडीची लांबी ज्यांच्या सहीने ठरते, जे सेक्शनवर गाड्या चालवतात, फाटकांचे आणि पुलांचे आराखडे मंजूर करतात आणि या सगळ्यांसाठी कायदे लिहितात, त्या सर्वांना ते आहे. मी मालगाडीवर गार्ड होतो. आता निवृत्त आहे. नोकरीत असताना जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

एका रात्रीपासून सुरुवात करतो. भरलेली गाडी होती. पुढच्या स्टेशनात लाइन रिकामी नव्हती, स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल लाल होता, गाडी उभी राहिली. माझी ब्रेकव्हॅन, म्हणजे गाडीच्या शेवटचा गार्डचा डबा, एका फाटकाच्या थोडी मागे होती आणि तिच्या पुढच्या चौथ्या-पाचव्या वाघिणी बरोबर रस्त्यावर. रात्रीचे २ वाजून १० मिनिटं झाली होती. गाडी थांबली की आधी घड्याळ बघायचं आणि लिहायचं, ही गार्डची सवयच असते. पाचेक मिनिटांनी रस्त्यावर फिरता दिवा दिसला. अग्निशमन दलाचा बंब होता. त्यातला एक जवान टॉर्च घेऊन माझ्याकडे पळत आला आणि म्हणाला, "गार्डसाहेब, किती वेळ?"

मला माहीत नव्हतं. मी वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला विचारलं, त्याने स्टेशनला विचारलं. उत्तर आलं, "लाइन मिळाली की घेतो." गाडी मागे घेता येईल का, हेही विचारलं. मागे घ्यायची तर वेगळी परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत पुढची लाइनच मिळेल असं कळलं. दोन वाघिणींच्या फटीतून पलीकडचं आभाळ तांबूस दिसत होतं. त्या जवानाने दोन वाघिणी जोडणाऱ्या कपलिंगकडे पाहिलं. तिथून चढून पलीकडे जायचं त्याच्या मनात आलंय हे मी ओळखलं आणि त्याचा हात धरला. तो काही बोलला नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. गाडी सुटली तेव्हा २ वाजून ३६ मिनिटं झाली होती.

पलीकडे काय जळत होतं, आत कुणी होतं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ट्रेन रिपोर्टमध्ये मी लिहिलं: होम सिग्नल, २६ मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्या डिटेन्शनबद्दल, म्हणजे गाडीच्या खोळंब्याबद्दल, विचारणा झाली. स्टेशन मास्तरला झाली, गाड्यांची वाहतूक ठरवणाऱ्या कंट्रोललाही झाली. बंबाबद्दल कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? रिपोर्टात तो नव्हताच. त्याला रकाना नव्हता.

माझं सगळं म्हणणं त्या रकान्याबद्दल आहे. गाडीचं मिनिट वाया गेलं तर ते कुणाच्या खाती टाकायचं यावर आपण तासभर भांडतो. सिग्नलवाल्यांच्या, इंजिनवाल्यांच्या की ट्रॅफिकच्या, हे ठरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ही शिस्त चांगली आहे, तिच्यावरच रेल्वे चालते. पण तीच गाडी रस्त्यावर आडवी उभी असताना फाटकाच्या दोन्ही बाजूंना जी मिनिटं जातात, ती कुणाच्याच खाती पडत नाहीत. आणि जे लिहिलं जात नाही ते सुधारायला कुणी बसत नाही.

त्या मिनिटांची किंमत वैद्यकशास्त्राने मोजून ठेवलेली आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल, तर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. हा हिशेब २००६ सालीच प्रसिद्ध झाला. माझ्या गाडीच्या २६ मिनिटांना त्याने गुणलं तर जवळजवळ पाच कोटी होतात. निवृत्तीनंतर हा आकडा वाचला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हा गुणाकार केला आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही.

"दुसऱ्या रस्त्याने जावं," असं आपल्याकडचे लोक सहज म्हणतात. मीही म्हणत असे. पण फाटकाशी येऊन थांबलेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाच्या जागी एकदा बसून बघा. समोर वाघिणींची भिंत आहे. ही गाडी दोन मिनिटांत हलेल की चाळीस, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. वळसा पंधरा मिनिटांचा असेल आणि तो वळल्याबरोबर गाडी सुटली, तर त्याने पेशंटची पंधरा मिनिटं घालवली. थांबला आणि गाडी हललीच नाही, तरी दोष त्याच्याच माथी. शिवाय पुढचं फाटक उघडं असेलच याचा भरवसा नाही, कारण लांब गाडी एकाच वेळी दोन-तीन फाटकं अडवून उभी राहू शकते. मागे वाहनं लागली की वळायलाही जागा उरत नाही. नुसती वाट पाहणं माणूस सहन करतो. किती वाट पाहायची हे न कळणं त्याला हतबल करतं. आणि ते सांगता येण्यासारखी माहिती त्या क्षणी फक्त आपल्याकडे, रेल्वेकडे असते.

गाड्या मुद्दाम कुणी अडवत नाही, हे मी शपथेवर सांगेन. समोरून येणाऱ्या गाडीचं क्रॉसिंग असतं, यार्ड भरलेलं असतं, ब्रेक पाइप फुटतो, एखादा ॲक्सल गरम होतो, ड्रायव्हरच्या ड्युटीचे तास संपतात. यातलं काही अचानक घडतं आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. पण बरंचसं आधी दिसत असतं. यार्ड भरलंय हे गाडी मागच्या स्टेशनातून सोडतानाच माहीत असतं. ड्युटीचे तास कधी संपणार हे तर क्रू चढतो त्याच क्षणी माहीत असतं. गाडी उभी राहणार हे नक्की असेल, तर कुठे उभी करायची हा निर्णय उरतो. तो निर्णय घेताना समोरच्या सिग्नलचा विचार होतो, चढ-उताराचा होतो. मागे कुठलं फाटक येतंय हा विचार कुणी केला तर तो त्या कंट्रोलरचा स्वतःचा चांगुलपणा. नियमाने त्याच्यावर तसं बंधन क्वचितच असतं.

लांबीचं तर सरळ गणित आहे. दोन किलोमीटरची गाडी ताशी १५ किलोमीटर वेगाने फाटक ओलांडते तेव्हा आठ मिनिटं लागतात, आणि ही न थांबणाऱ्या गाडीची गोष्ट झाली. गाड्या मात्र लांब होत चालल्या आहेत. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ च्या अहवालात नोंदवलं की तिथल्या दोन रेल्वे कंपन्यांच्या आकडेवारीप्रमाणे २००८ पासून त्यांच्या मालगाड्यांची सरासरी लांबी सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. भारतात १५ ऑगस्ट २०२२ रोजी पाच मालगाड्या एकत्र जोडून 'सुपर वासुकी' चालवली गेली: २९५ वाघिणी, साडेतीन किलोमीटर. रेल्वेचा माणूस म्हणून असं काही घडलं की माझी छाती भरून येते, हे खरं आहे. एवढा माल एका क्रूने, एका मार्गिकेत नेणं हे मोठं काम आहे. पण लूप लाइन, म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घेऊन उभी करायच्या मार्गिका, जुन्या मापाच्या आहेत. गाडी लूपपेक्षा लांब असली की तिचं शेपूट बाहेर राहतं, आणि पुष्कळ ठिकाणी वस्ती स्टेशनाला चिकटून असल्यामुळे ते शेपूट नेमकं रस्त्यावर पडतं. लांबी ठरते कार्यालयात, तिचा भार पडतो फाटकावर.

"मग गाडी मधून तोडा आणि रस्ता मोकळा करा," असं फाटकावरचे लोक गार्डला ओरडून सांगतात. त्यांना मी याच पत्रातून उत्तर देतो, कारण हा गैरसमज दूर व्हायला हवा. गाडी तोडायची म्हणजे मागच्या भागाला पुरेसे हँडब्रेक लावावे लागतात. नुसत्या हवेच्या भरवशावर वाघिणी सोडून देता येत नाहीत. हवा हळूहळू गळते. कॅनडात लाक-मेगांतिक इथे जुलै २०१३ मध्ये तेलाची उभी गाडी उतारावरून सुटून गावात शिरली आणि ४७ माणसं गेली. हँडब्रेक पुरेसे लावलेले नव्हते आणि इंजिन बंद झाल्यावर ब्रेकमधली हवा उतरली होती. म्हणून एकेक वाघीण चालत जाऊन बांधावी लागते. नंतर पुन्हा जोडायचं, ब्रेक पाइपमध्ये शेवटच्या वाघिणीपर्यंत प्रेशर येऊ द्यायचं, ब्रेक धरतात-सुटतात का ते तपासायचं. गाडी जितकी लांब तितका हा वेळ जास्त. थोड्या वेळासाठी थांबलेली गाडी तोडली तर रस्ता उलट जास्त वेळ अडतो. ज्या गाडीला तासन् तास उभं राहायचं आहे तिच्यासाठी मात्र हे काम करायलाच हवं, आणि ते उभं राहतानाच, फाटक सोडून करायला हवं. लोक ओरडायला लागल्यावर त्याला अर्थ उरत नाही.

आता ज्याने मला सर्वांत जास्त झोप लागू दिली नाही त्या गोष्टीकडे येतो. गाडी बराच वेळ हलली नाही की माणसं तिच्यातून जायला लागतात. आधी एखादा तरुण कपलिंगवरून उडी मारतो. मग त्याचं बघून दप्तर पाठीवर घेतलेली मुलं खालून सरपटतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हॅमंड शहरात शाळेत जाण्यासाठी मुलं उभ्या मालगाड्यांखालून आणि कपलिंगवरून जात होती. २०२३ मध्ये त्याची छायाचित्रं जगाने पाहिली. जिथे जिथे शाळा एका बाजूला आणि घरं दुसऱ्या बाजूला आहेत, तिथे तिथे हे होतं.

उभी गाडी ही उभी भिंत नसते, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. दोन वाघिणींच्या कपलिंगमध्ये थोडी ढील असते. एका जोडात ती बोटांवर मोजण्याइतकी, पण शंभर जोडांची मिळून कित्येक मीटर होते. इंजिन ओढायला लागतं तेव्हा ही ढील एकेक करत ताणली जाते आणि हिसका मागे मागे धावत येतो. इंजिनाने शिट्टी दिलेली असते, पण ते दीड किलोमीटर पुढे असतं. मागच्या फाटकावर ती ऐकू येत नाही. वाघीण कसलाही आवाज न करता उभी असते आणि पुढच्या क्षणी हलते. त्या जवानाचा हात मी याचसाठी धरला होता.

दुसरा धोका शेजारच्या रुळावरचा. उभी गाडी नजर अडवते. तिच्या मागून बाहेर पडणाऱ्या माणसाला पलीकडच्या रुळावरून येणारी गाडी दिसत नाही, आणि त्या ड्रायव्हरलाही तो दिसत नाही. कधी गाडी फाटकाच्या थोडी अलीकडे थांबलेली असते. रस्ता रिकामा असतो, तरी तिच्यामुळे घंटा वाजत राहते, दांडा खालीच असतो. लोकांना वाटतं की यंत्र बिघडलंय, आणि ते दांड्याला वळसा घालून निघतात. हा बेशिस्तपणा आहे हे मान्य. पण खोटा इशारा रोज मिळत राहिला की खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो. तो विश्वास उडवण्यात आपलाही हात आहे.

फाटकावरच्या आपल्या माणसावर काय गुदरतं तेही कुणी बघत नाही. टोकियोत ताकेनोत्सुका स्टेशनजवळचं फाटक हाताने चालवलं जायचं आणि गर्दीच्या वेळी ते बराच काळ बंदच असायचं. १५ मार्च २००५ रोजी तिथल्या कर्मचाऱ्याने खोळंबलेल्या लोकांसाठी दांडा वर केला आणि गाडी आली. दोन स्त्रियांचा जीव गेला, आणखी दोघं जखमी झाली. त्या कर्मचाऱ्याला शिक्षा झाली. रूळ वर उचलून ते फाटक संपवायला मार्च २०२२ उजाडलं. चूक त्या माणसाचीच होती, मी तिची बाजू घेत नाही. पण त्याच्या हातून ती होईल अशी परिस्थिती वर्षानुवर्षं तिथे उभी होती.

त्याच जपानची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे अशा फाटकाला नाव आहे, 'आकाझु नो फुमिकिरी', न उघडणारं फाटक. आणि त्याची व्याख्या मिनिटांत आहे: गर्दीच्या एका तासात ४० मिनिटं किंवा त्याहून अधिक बंद राहणारं. म्हणजे कुणीतरी घड्याळ घेऊन रस्त्याच्या बाजूने मोजलं. याच्या शेजारी भारतातला टीव्हीयू, म्हणजे 'ट्रेन व्हेइकल युनिट', ठेवून बघा. उड्डाणपुलाची गरज ठरवताना चोवीस तासांतल्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करतात. त्यात एका मिनिटात निघून गेलेली गाडी आणि पाऊण तास आडवी राहिलेली गाडी दोन्ही 'एक' म्हणूनच मोजल्या जातात. ज्या फाटकावर गाड्या थोड्या पण मुक्काम लांब, ते या गणितात कधी वर येणारच नाही.

कायद्याचंही तसंच. अमेरिकेत २ लाखांहून अधिक लेव्हल क्रॉसिंग आहेत, पण गाडीने रस्ता किती वेळ अडवावा यावर केंद्राचा कुठलाच नियम नाही. राज्यांनी केले, तर ते न्यायालयात टिकत नाहीत. ओहायो राज्याचा पाच मिनिटांचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवला आणि जानेवारी २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. डिसेंबर २०१९ पासून अमेरिकेच्या केंद्रीय रेल्वे प्रशासनाने लोकांसाठी तक्रारनोंदणी सुरू केली, हे पाऊल मी मोलाचं मानतो. पण नोंद करायची ती खोळंबलेल्या माणसाने! आपली गाडी कुठे, किती वाजल्यापासून उभी आहे हे ज्याला सेकंदासकट माहीत आहे, त्याच्यावर ती सक्ती नाही.

असे नियम करता येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावं. तिथल्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे, रस्त्यावर वाहनं किंवा पादचारी थांबलेले असतील तर उभ्या गाडीने फाटक पाच मिनिटांपेक्षा जास्त अडवायचं नाही. आपत्कालीन वाहन आलं तर रस्ता ताबडतोब मोकळा करण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. कॅनडातही गाड्या लांबच आहेत. हा नियम रोज तंतोतंत पाळला जातो असा माझा दावा नाही, पण तो लिहिलेला आहे, आणि त्यामुळे तो मोडला असं म्हणता येतं.

मी काय मागतो आहे ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे नोंद. प्रत्येक गाडीच्या रिपोर्टमध्ये, प्रत्येक फाटकाच्या वहीत आणि कंट्रोलच्या चार्टवर, गाडी उभी राहून कुठलं फाटक किती वेळ अडलं ते लिहिलं जावं आणि दर महिन्याला लोकांसमोर यावं. यासाठी नवं यंत्र घ्यायला नको. गाडी कुठे आहे हे आज आपल्याला कळतंच. दुसरं, दहा मिनिटांपेक्षा जास्त अडणार असं दिसताक्षणी कंट्रोलने अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाला स्वतःहून कळवावं. निघतानाच कळलं तर चालक दुसऱ्या रस्त्याने जाईल, किंवा पलीकडच्या बाजूचा बंब किंवा रुग्णवाहिका पाठवली जाईल. त्या एका फोनने माझ्या रात्रीतली बरीच मिनिटं वाचली असती. फाटकावर त्याचा क्रमांक आणि रेल्वेच्या आपत्कालीन कक्षाचा फोन ठळक लिहिलेला असावा. अमेरिकेत अशी निळी पाटी असते, ती चांगली सोय आहे. तिसरं, लूपमध्ये न मावणारी गाडी सोडताना ती वाटेत कुठे उभी राहू शकते आणि कुठे नाही, हे आधी कागदावर ठरलेलं असावं, आणि ज्याने लांबी मंजूर केली त्याची त्या कागदावर सही असावी.

पूल आणि भुयारी मार्ग हवेतच. मेलबर्नने २०१५ मध्ये हे काम हाती घेतलं आणि २०३० पर्यंत ११० फाटकं काढण्याचं ठरवलं. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात यासाठी पाच वर्षांत ३ अब्ज डॉलर ठेवले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने भारतातली सगळी लेव्हल क्रॉसिंग पाच वर्षांत संपवावीत असं २०१२ मध्येच सुचवलं होतं. पण पुलाला जमीन लागते, वर्षं लागतात. तोवर एक करता येईल: जिथे रुग्णालय, अग्निशमन केंद्र किंवा शाळा रुळांच्या एकाच बाजूला आहे, ती फाटकं यादीत सगळ्यांत वर घ्या, टीव्हीयू काहीही म्हणो. आणि शाळेजवळ मोठा पूल होईपर्यंत थांबू नका, पादचारी पूल आधी द्या.

माझ्या सहकाऱ्यांना, अजून ड्युटीवर असलेल्या गार्डना आणि ड्रायव्हरना एवढंच सांगतो की रकाना मिळेपर्यंत शेऱ्यात लिहा. शेरा लिहायला कुणाची मनाई नाही. मला ते तेव्हा सुचलं नाही.

माझ्या त्या रात्रीच्या रिपोर्टात राहिलेली ओळ इथे लिहितो आणि ती तुमच्याकडे दाखल करतो.

भरलेली गाडी. फाटकावर उभी, रात्री २.१० ते २.३६. रस्ता पूर्ण बंद. थांबलेले: दोन ट्रक, एक मोटारसायकल, अग्निशमन दलाचा एक बंब. पलीकडे आग दिसत होती. बंबाचा खोळंबा अंदाजे २१ मिनिटं. कारण: पुढे लाइन नाही. कंट्रोलला कळवलं नाही.

आपला,
एक निवृत्त गार्ड